भिलाईत हरवलेला काना

‘काम’ हा शब्द तुम्ही लॅपटॉपवर टाईप केला आणि पडद्यावर नुसता ‘क’ उमटला तर काय कराल? ‘मराठी’ लिहायला गेलात आणि ‘रठी’ दिसलं तर? माझ्या बाबतीत गंमत याच्याही पुढे गेली. मी ‘मामा’ असं टाईप केलं आणि पडद्यावर काहीच आलं नाही. कर्सर नुसता लुकलुकत राहिला.

हे सगळं घडलं मामांच्याच घरी, भिलाईत. कीबोर्ड बिघडला तर तो स्वतः बदलावा की दुकानात द्यावा, हा प्रश्न तुमच्याही घरात कधी ना कधी येणार आहे. मला त्याचं उत्तर या पोलादाच्या गावात मिळालं. म्हणून आज तुम्हाला भिलाईलाच घेऊन जाते.

गाडी, चहा आणि माझी चूक

मी नागपूरला राहते आणि घरूनच कंटेंट रायटिंग करते. महिन्याचे ठरलेले लेख दिले तर ठरलेले पैसे, नाहीतर कपात. लॅपटॉप हप्त्यांवर घेतलेला, त्याचे दोन हप्ते अजून बाकी. मामांना बरेच दिवसांत भेटले नव्हते. आईही मागे लागली होती, ‘एकदा जाऊन ये, त्यांच्या हाताचं काय ते बघून ये.’ म्हणून एका शुक्रवारी लॅपटॉप घेऊन गाडीत बसले. म्हटलं, काम काय, भिलाईतूनही होतं.

नागपूर ते दुर्ग हा प्रवास साधारण चार-साडेचार तासांचा. गोंदियापर्यंत भाताची सपाट शेतं. आमगाव, सालेकसा मागे पडलं की दरेकसाजवळ डोंगर आणि जंगल गाडीच्या अगदी जवळ येतात. हीच महाराष्ट्राची हद्द. मग डोंगरगड येतं आणि टेकडीवरचं बम्लेश्वरी देवीचं मंदिर खिडकीतूनच दिसतं. मी गोंदियाला चहा घेतला होता, मांडीवर लॅपटॉप होता आणि डोंगर बघायला मान वळवली. गाडीला हिसका बसला आणि अर्धा कप चहा कीबोर्डवर.

आता माझी चूक ऐका, म्हणजे तुम्ही करणार नाही. मी ओढणीने चहा पुसला, सगळी बटणं चालतात हे पाहिलं आणि निर्धास्त होऊन पुढे लिहीत राहिले. खरं तर त्याच क्षणी लॅपटॉप पूर्ण बंद करायला हवा होता, चार्जर काढायला हवा होता आणि तो उलटा धरून चहा बाहेर येऊ द्यायला हवा होता. पाणी निदान वाळून जातं. दूध-साखरेचा चहा वाळला तरी चिकट थर मागे ठेवतो आणि तो आतल्या बारीक रेषा हळूहळू खातो. म्हणूनच बिघाड लगेच दिसत नाही. माझा दिसला दुसऱ्या दिवशी सकाळी.

तीन अक्षरं गेली

तुम्ही फोनवर मराठी लिहिताना बहुतेक इंग्रजी अक्षरांतून लिहीत असाल. मी पहिल्या नोकरीत इनस्क्रिप्ट शिकले. भारतीय लिपींसाठी बनवलेला हा कीबोर्ड. डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. त्यात इंग्रजी ई च्या जागी काना, डी च्या जागी हलन्त आणि सी च्या जागी ‘म’ असतो. ही तिन्ही बटणं एकाखाली एक आहेत आणि माझी नेमकी तीच मेली होती, वरच्या ३ च्या आकड्यासकट. ‘महाराष्ट्र’ लिहिलं की ‘हरषटर’ येत होतं.

ती एकत्र का गेली? लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. बटणांखाली प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात आणि त्यांवर विजेच्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी छापलेली असते. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेष एकमेकींना टेकते आणि त्यावरून लॅपटॉपला अक्षर कळतं. एक रेष तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम मुकी होतात. म्हणून एकच बटण अडकत असेल तर खाली कचरा असण्याची शक्यता जास्त. ओळीने चार-पाच बटणं गेली असतील तर रेष गेली असं समजा.

सोमवारी रात्रीपर्यंत मला सात लेख द्यायचे होते. मी रडवेली होऊन बाहेर आले. मामा अंगणात झाडांना पाणी घालत होते.

“काहून घाबरून राहिली तू?” मामा म्हणाले. “मशीनच हाय ना? मशीन बिघडते, मशीन सुधरते.”

मामांचं गाव

मामा तुमसरचे. ऐन विशीत भिलाई पोलाद कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत रेल मिलच्या मेंटेनन्समध्ये राहिले. आता कंपनीचं क्वार्टर सोडून रिसालीत स्वतःच्या घरात राहतात. मामी त्यांना अजूनही म्हणतात, ‘घरातला पंखा आवाज करायच्या आधीच हे स्टूल घेऊन उभे.’

भिलाईचं आपल्याशी नातं जुनं आहे. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला, तेव्हा हे गाव ज्या मध्य प्रदेशात होतं त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा बदलल्या आणि विदर्भ वेगळा झाला. पुढे १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड राज्य झालं. सीमा दोनदा हलल्या, पण भंडारा, गोंदिया, नागपूरकडून कामासाठी आलेली घरं इथेच राहिली. त्यांची मराठी ऐकायला गोड वाटते. अर्धं वाक्य वऱ्हाडकडचं, अर्धं हिंदी आणि मध्येच एखादा छत्तीसगडी शब्द.

४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. भारतीय रेल्वे ज्या रुळांवर धावते त्यांतले बहुतेक रूळ इथेच तयार झाले आहेत. आता इथल्या नव्या मिलमध्ये एकसंध १३० मीटरचा रूळ निघतो आणि असे दोन जोडून २६० मीटरची पट्टी पाठवली जाते. ज्या रुळांवर माझा चहा सांडला तेही कदाचित मामांच्या मिलमधूनच गेले असतील.

गाव मात्र पोलादासारखं कठोर दिसत नाही. सेक्टरांमध्ये आखलेले सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना मोठी झाडं आणि बैठी क्वार्टर्स. संध्याकाळी क्षितिजावर लालसर उजेड दिसतो आणि लहान मुलंही त्याच्याकडे वळून बघत नाहीत, इतकी सवय झालेली.

आधी निदान, मग इलाज

मला वाटलं होतं मामा लगेच पेचकस घेऊन बसतील. त्यांनी आधी स्कूटर काढली आणि मला सिव्हिक सेंटरच्या बाजारात नेलं. तिथे साडेचारशे रुपयांचा यूएसबी कीबोर्ड घेतला. घरी येऊन तो लॅपटॉपला जोडला आणि ‘मामा’ टाईप केलं. पडद्यावर ‘मामा’ आलं.

मामा म्हणाले, “दोन गोष्टी कळल्या. मशीनचा मेंदू ठीक हाय, फक्त हात बिघडला. अन् तुझं काम आता थांबत नाही. आता आरामात विचार कर.”

तुम्हीही हेच पहिलं पाऊल टाका. बाहेरचा कीबोर्ड जोडून सगळी बटणं चालली तर दोष बहुतेक लॅपटॉपच्या कीबोर्डमध्येच आहे. बाहेरचाही नीट चालला नाही तर सेटिंग, सॉफ्टवेअर किंवा मदरबोर्ड तपासायला हवा. अशा वेळी नवा कीबोर्ड घेतला तर पैसे वाया जाऊ शकतात. कधी कधी तर बिघाडच नसतो. विंडोजमध्ये उजवीकडचं शिफ्ट बटण आठ सेकंद दाबून ठेवलं तर ‘फिल्टर कीज’ नावाची सोय चालू करायचा प्रश्न समोर येतो. घाईत ‘हो’ म्हटलं गेलं की बटणं दाबूनही अक्षरं येईनाशी होतात. घरात लहान मुलं असतील तर हे आधी बघा.

दुपारी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला. मॉडेल सांगितल्यावर उत्तर आलं की कीबोर्ड सुटा मिळत नाही, वरचं पूर्ण कव्हरच बदलावं लागेल. आठ हजार चारशे रुपये आणि आठ ते दहा दिवस. वॉरंटी संपलेली होती. ती असती तरी चहा सांडल्याचा खर्च साध्या वॉरंटीत सहसा धरत नाहीत. आठ हजार म्हणजे माझे ते उरलेले दोन्ही हप्ते.

इंटरनेटवर बघितलं तर माझ्याच मॉडेलचा नुसता कीबोर्ड बाराशेला मिळत होता आणि एका व्हिडिओत एक मुलगा तो दहा मिनिटांत बदलून दाखवत होता. मी मामांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पूर्ण पाहिला आणि विचारलं, “यानं मधला भाग काहून कापला?”

कव्हर उघडलं

रात्री जेवणात मामींनी तांदळाच्या पिठाचे चीले आणि टोमॅटोची चटणी केली होती. मग टेबल पुसून आम्ही बसलो. मामांनी एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपची बाह्यरेषा काढली आणि जिथे जिथे स्क्रू होता तिथे भोक पाडलं. निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या भोकात. कारण लॅपटॉपचे स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीला वेगळे असतात. आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर तो आतल्या बोर्डाला किंवा वरच्या कव्हरला भोक पाडू शकतो.

पहिला स्क्रू काढायला मामांनी पेचकस हातात घेतला आणि मला कळलं आईने मला का पाठवलं होतं. उजवा हात थरथरत होता. पेचकसाचं टोक स्क्रूच्या भोवती फिरत होतं, आत बसत नव्हतं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मामी स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच भांडी लावू लागल्या. मामांनी पेचकस माझ्यापुढे धरला. “घे. मी सांगतो, तू कर.”

मग मी करत गेले. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर. हातातल्या बांगड्या काढल्या. नळाच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. मागचं कव्हर नखांनी आणि जुन्या एटीएम कार्डाने हळूहळू सोडवलं. सगळ्यात आधी बॅटरीचा जोड काढला. इथे तुम्हाला एक सांगते, बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, तिला टोचू नका, दाबू नका आणि तो लॅपटॉप थेट जाणकाराकडे न्या.

आतला पंखा, बोर्ड, वायरी पाहून मला धीर आला. एवढं जमलं तर पुढचंही जमेल. मी बॅटरी बाजूला केली आणि टॉर्च मारला. कीबोर्ड सगळ्यात खाली होता, वरच्या कव्हरला चिकटून. त्याच्या पत्र्यावर काळे काळे ठिपके होते, ओळींनी, कितीतरी. मला वाटलं तेही स्क्रू.

मामांनी चष्मा वर करून डोळा जवळ नेला आणि मोजायला सुरुवात केली. साठपर्यंत मोजून थांबले.

“हे स्क्रू नाही. प्लास्टिकचे रिव्हेट हाय. कंपनीत गरम करून दाबले. काढायचे म्हणजे तोडायचे.”

“तोडू या ना मामा. व्हिडिओत तोडलेत.”

“अन् नवा कीबोर्ड कशावर बसवशील?”

मी गप्प बसले. मामा म्हणाले, “आमच्याकडं एक हिशोब होता. काम हाती घ्यायच्या आधी पाहायचं, हे उलटं करता येते का? स्क्रू उलटा फिरते. चुकलं तर परत लावता येते. रिव्हेट तोडला का तो गेला. मग ज्याच्याजवळ त्याची अवजारं हाय त्याला बोलवायचं.”

मग त्यांनी झोतभट्टीचं सांगितलं. ती एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. आत १५०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेलं लोखंड असतं, त्याने आतल्या विटांचं अस्तर झिजत जातं. शेवटी भट्टी थंड करून अस्तर बदलावं लागतं, त्याला कॅपिटल रिपेअर म्हणतात. “एवढा मोठा कारखाना, इतकी माणसं, तरी त्या कामाला बाहेरचे लोक येतात. त्यात लाज कसली?”

हे बोलताना ते स्वतःच्या हाताकडे बघत होते. मी पुठ्ठ्यावरून एकेक स्क्रू उचलून परत लावला. एकही उरला नाही.

सुपेल्यातलं दुकान

रविवारचा दिवस बाहेरच्या कीबोर्डवर लेख लिहिण्यात गेला. सोमवारी सकाळी आम्ही सुपेल्याच्या बाजारात गेलो. एका अरुंद दुकानात माझ्याच वयाचा एक मुलगा भिंगाखाली बोर्ड तपासत होता. आम्ही लॅपटॉप उघडून पाहिलाय हे ऐकून तो वैतागेल असं वाटलं होतं. मामांनी त्याला साठ रिव्हेटचं सांगितलं, तेव्हा त्याने मान वर केली.

“अंकल, आप बीएसपी में थे क्या?”

बस, मग दोघांची गट्टी जमली. भाव ठरला सव्वीसशे, कीबोर्ड आणि मजुरी धरून. सुटा भाग रायपूरहून येणार, बुधवारी काम. आणि तो म्हणाला, बघायचं असेल तर समोर बसा.

बुधवारी बसलो. त्याने जुन्या रिव्हेटची डोकी एकेक करून तासली, कीबोर्ड उचलला, खालची चिकट चहाची चादर पुसली. नवा कीबोर्ड त्याच खुंट्यांवर बसवला आणि बारीक तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने प्रत्येक खुंटीचं डोकं पुन्हा वितळवून दाबत गेला. जिथे खुंटी पुरत नव्हती तिथे जरासा गोंद. घाईत टोक जास्त वेळ टेकलं असतं तर वरच्या बाजूला कव्हरवर फोड आला असता. व्हिडिओतला कापलेला मधला भाग तो हाच.

मध्येच पत्र्याचा एक कोपरा वर उचलला जाऊ लागला. मुलाचे दोन्ही हात अडकलेले. तो सहज म्हणाला, “अंकल, ज़रा यहाँ दबा के रखिए.”

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी तळहात कोपऱ्यावर टेकवला आणि वजन दिलं. हात पूर्ण टेकला की थरथर थांबत होती. ते तसेच दहा मिनिटं उभे होते आणि मुलाला विचारत होते, टोक किती गरम ठेवतोस, गार व्हायला किती वेळ देतोस. निघताना मुलाने जुना कीबोर्ड परत दिला. तो मी मागितला नव्हता, मामांनी मागितला होता.

तीन स्क्रूंचा लॅपटॉप

गोष्ट इथे संपली असती. पण घरी आल्यावर मामांनी कपाटातून मामेभावाचा कॉलेजातला लॅपटॉप काढला. भाऊ आता बंगळुरूला, लॅपटॉपची अर्धी बटणं मेलेली, म्हणून पडून होता. मामांनी तो उलटा केला. मागे तीन स्क्रूंजवळ कीबोर्डचं छोटं चिन्ह कोरलेलं होतं.

“हे पाह्य. हे उलटं फिरते.”

जुन्या कीबोर्डच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर भागाचा क्रमांक होता. त्यावरून आम्ही त्याच सुपेल्याच्या दुकानातून नवा कीबोर्ड मागवला, सातशे रुपयांना. नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही, एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारचे कीबोर्ड असू शकतात. एंटरच्या बटणाचा आकार, बटणांमागचा दिवा आणि पट्टीची जागा जुळते का, हेही बघून घ्या.

काम असं झालं. बॅटरी काढली, मागचे तीन स्क्रू काढले, वरच्या बाजूने कार्ड घालून कीबोर्ड उचलला. तो लगेच ओढायचा नाही, कारण खाली एक पातळ पट्टी त्याला बोर्डाशी जोडते. तिच्या खोबणीला छोटी काळी पापणी असते, ती नखाने वर केली की पट्टी अलगद निघते. नवी पट्टी सरळ आत सरकवली, पापणी खाली दाबली. मगच कीबोर्ड जागेवर बसवला. पण शेवटचे स्क्रू लावायच्या आधी लॅपटॉप चालू करून सगळी बटणं तपासली. पंचवीस मिनिटं लागली. पट्टीची पापणी मामांनी उघडली, मनगट टेबलावर टेकवून.

तुम्ही काय ठरवाल?

आता तुमच्यासमोर तोच प्रश्न आला तर आधी लॅपटॉप वॉरंटीत आहे का ते बघा. असेल तर अधिकृत सेंटरलाच पहिला फोन करा. नसेल तर तुमच्या मॉडेलचा कीबोर्ड स्क्रूवर आहे की रिव्हेटवर, हे शोधा. कंपनीची सर्व्हिस मार्गदर्शिका किंवा न कापलेला एखादा व्हिडिओ त्यासाठी पुरतो. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केलं आहे. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकापर्यंत पोचावेत हा त्यामागचा हेतू.

स्क्रू असतील, बॅटरी ठीक असेल आणि दोन तास निवांत असतील तर स्वतः करा. घरातल्या मुलांना सोबत बसवा. रिव्हेट असतील किंवा चहा बोर्डापर्यंत पोचला असेल तर जाणकाराकडे द्या. देण्याआधी फाईलींची प्रत काढून ठेवा, पासवर्ड सांगू नका, खर्चाचा आकडा लिहून घ्या आणि जुना भाग परत मागा. आणि पैशांची किंवा वेळेची अडचण असेल तर साडेचारशेचा बाहेरचा कीबोर्ड लावून महिनाभर थांबण्यातही काही चुकत नाही. माझे सातही लेख त्याच्यावरच लिहून झाले आणि वेळेत गेले.

भिलाईला जाल तेव्हा

नागपूरहून दुर्ग, भिलाईकडे दिवसभर गाड्या आहेत. डिसेंबर २०२२ पासून नागपूर-बिलासपूर वंदे भारतही दुर्गला थांबते. हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात इथलं ऊन विदर्भासारखंच पोळतं. कारखाना परवानगीशिवाय आतून बघता येत नाही. मात्र मैत्री बाग जरूर बघा. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ मध्ये उभारलेली ही बाग आणि प्राणिसंग्रहालय इथल्या पांढऱ्या वाघांसाठी मुलांना आवडेल. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई याच परिसरातल्या गनियारी गावच्या. वाटेत एखादा दिवस डोंगरगडला उतरा. आणि घरोघरी फरा, ठेठरी, खुरमी मिळाली तर नाही म्हणू नका. लॅपटॉपशेजारी मात्र चहा ठेवू नका.

मी गुरुवारी परत निघाले. जुना लॅपटॉप मामांच्या टेबलावर ठेवला होता. त्यात मराठी इनस्क्रिप्ट चालू करून दिलं आणि कोणतं अक्षर कुठे ते एका कागदावर लिहून भिंतीला लावलं. बोटांना रोज थोडा व्यायाम होईल, असं मामीच म्हणाल्या.

गाडी सालेकसा सोडून पुढे आली तेव्हा माझ्या फोनवर ईमेल आला. मजकूर एकाच शब्दाचा होता. आधी ‘म’चं बटण, मग काना, पुन्हा ‘म’, पुन्हा काना. मध्ये एक ‘म’ जास्तीचा पडला होता, बहुधा बोट थरथरलं असावं. ‘माममा.’

मी लगेच उत्तर लिहिलं, “मामा, पोचले की फोन करते.”